नेवेनाला चालणारं गाणं

ल्युबिंका,

मी दफनभूमीत पुढे जाते, बँडवाल्यांना गाठायचंय. माझा रादिशा चाळीस वर्षं त्यांच्यात ट्रम्पेट वाजवायचा, त्याला ते वाजवल्याशिवाय पुरू देणार नाहीत. नेवेनाला नेत नाही. बापाला मूठमाती द्यायला लेक आली नाही म्हणून लोक बोलतील, बोलू देत. सव्वीस वर्षांची झाली तरी ढोलाच्या पहिल्या ठोक्याला ती भिंतीवर डोकं आपटते, ते त्यांना निस्तरावं लागत नाही.

खिडक्या लाव आणि तिच्यासाठी रेडिओ चालू ठेव. गाणं तिला सोसतंय का ते हातांवरून कळतं. हात मांडीवर असले तर ठीक. हनुवटीपाशी आले की लगेच बंद कर, कानांवर जायची वाट बघत बसू नकोस. आणि राकिया एकच पेला घे, तुला ओळखते मी.

कपाटावरची कॅसेट मात्र अजिबात लावायची नाही. रादिशा तिच्यासाठी ट्रम्पेटमध्ये फडकं कोंबून बागेतल्या खोपटात वाजवायचा, ते गाणं आहे त्यात. तेवढं एकच तिला शेवटपर्यंत चालतं. वाजवून झालं की तो घरात यायचा.

काल मी ती लावली. तिचे हात मांडीवरून हलले नाहीत. गाणं संपल्यावर उठली, त्याच्या सपाता उंबऱ्याशी नीट मांडल्या आणि दार उघडून उभी राहिली. अंधार पडेपर्यंत.

आत्ता आत येताना तू त्या ओलांडूनच आलीस. उचलू नकोस.

स्तोयांका