चार दिवसांना पाचाचं उत्तर

२० एप्रिल २००३, रविवार

ही डायरी खताच्या दुकानवाल्याने जानेवारीत फुकट दिली होती. आजवर कोरी होती. आज तिला काम मिळालं.

येडगावला मेव्हण्याचं लग्न. मंडप माझा, माईक माझा, ॲम्प्लिफायर माझा, आणि घरचं कार्य म्हणून भाडं नाही. मंगल परिणय नीट पार पडला. पंगत बसायची होती, तेवढ्यात मोठे साडू नवनाथ यांनी दोन शब्द बोलायला माईक मागितला. हा जुन्नरला ऑफिसात क्लार्क. गेल्या दिवाळीत बायकापोरांना मुंबईकडच्या त्या पाळण्यांच्या आणि पाण्याच्या पार्कला नेऊन आणलं, तेव्हापासून तिथली की-चेन बोटात फिरवत असतो. नवरा-नवरीला शुभेच्छा राहिल्या बाजूला. माझ्याकडे वळून म्हणाला, "आमी चार दिवस पार्कला जाऊन आलो. आमचं साडू मातर दुसऱ्याच्या लग्नात हॅलो हॅलो करत्यात. पोरांना बी न्या की राव कधी."

चारशे माणूस हसलं. माझ्याच कर्ण्यातून माझी अब्रू गेली. आवाज इतका स्वच्छ होता की धरणाच्या पलीकडेही ऐकू गेलं असणार. सेटिंग मीच केली होती.

बायको हसली, तेही पाहिलं. स्नेहा हसली नाही. माझी थोरली, आता सातवीत जाईल. ती नुसती माझ्याकडे बघत होती. पोरीला बापाचा अपमान झोंबला.

संकल्प: बदला. त्याचे चार, तर आमचे पाच. ८ जूनला सासूबाईंच्या नव्या घराचा गृहप्रवेश आहे. तेच लोक, तोच माईक. मी उभा राहून सांगणार की आम्ही पाच दिवस जाऊन आलो. त्याचं तोंड तेव्हा बघण्यासारखं होईल.

२१ एप्रिल

घरात जाहीर केलं. धाकटा रुपेश उड्या मारू लागला. स्नेहाने लगेच पाठीला लावायची बॅग धुवायला काढली. बायको, यशोधरा, म्हणाली, पाच दिवस तिथं करायचं काय, ताई तर म्हणते एका दिवसात सगळं बघून होतं. मी म्हटलं, तुझी ताई शत्रूपक्षात आहे.

आखणी:
पहिला दिवस: पाळणे.
दुसरा: पाणी.
तिसरा: राहिलेलं पाणी.
चौथा: विश्रांती.
पाचवा: फोटो.

२४ एप्रिल

कॅलेंडर घेऊन बसलो. अडचण अशी, की मुहूर्त बघणाऱ्यांची लग्नं मुहूर्ताला असतात. आपले लोक मुहूर्त बघत नाहीत, त्यामुळे आपली सगळी लग्नं रविवारी. दोन्हीकडे माझी पंचशील साउंड सर्व्हिस. मधे जे वार उरतात ते जळलेल्या वायरींना आणि फाटलेल्या कनातींना.

सलग पाच दिवस मे महिन्यात दिसत नाहीत. पण मी अजून नीट पाहिलेलं नाही.

४ मे, रविवार

लग्नाची ऑर्डर जुन्नरला, नवनाथच्या घरामागेच. देव आहे की नाही माहीत नाही, पण संधी असते. एक कर्णा बरोबर त्याच्या खिडकीच्या तोंडाला बांधला. सकाळी नऊपासून फुल आवाज. चिमाजी म्हणाला, राव, तिकडं तर माणूसच नाय, कुणासाठी लावलाय. चिमाजी माझा जुना वायरमन. त्याला युद्धनीती कळत नाही.

दुपारी नवनाथ स्वतः आला. मला वाटलं, भांडायला आला. तो आभार मानायला आला होता. म्हणाला, उन्हात मांडवात बसायला नको, घरी फॅनखाली पडून सगळं लग्न ऐकलं. जाताना मला ताक पाजलं.

ताक चांगलं होतं. बदला कायम.

१६ मे, बुद्धपौर्णिमा

ओतूरला कार्यक्रम. नवनाथ पाहुणा म्हणून येणार, बोलणार, हे पक्कं कळलं होतं. तयारी अशी: तो बोलायच्या आधीच कर्णा थोडा माईककडे वळवून ठेवायचा. माईक शिट्टी मारतो, आणि लोकांना वाटतं की बोलणाऱ्याच्याच आवाजात खोट आहे.

नवनाथ बोललाच नाही. म्हणाला, आज भंतेजींना ऐकू. कर्णा पुन्हा सरळ करायचं मी विसरलो. भंतेजींच्या प्रवचनात अशी शिट्टी वाजली की पुढची लहान मुलं रडायला लागली. भंतेजी थांबले. माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि पुढे बोलू लागले. विषय द्वेष हा होता. वैराने वैर शमत नाही, वगैरे.

नवनाथने ऐकायलाच हवं होतं असं प्रवचन.

१९ मे

मार्ग सापडला. पाच दिवस म्हणजे पाच दिवस तिथेच, असं कुणी म्हटलंय? सहल घरातून सुरू होते. पहिला दिवस बॅगा भरण्याचा. दुसरा कल्याणच्या एसटीचा. तिसरा पार्क. चौथा परतीचा. पाचवा बॅगा रिकाम्या करण्याचा. झाले पाच.

स्नेहाने ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे पप्पा, पार्क एकच दिवस? मी म्हटलं, हिशोबात तोंड घालू नकोस. ती म्हणाली, एकच चालेल की, मग उद्याच जाऊ. यशोधरा म्हणाली, पोरीला कळतं ते बापाला कळत नाय.

दोघींना कळत नाही. एका दिवसाने नवनाथ हरत नाही.

२३ मे

चिमाजी स्वतःहून म्हणाला, "मालक, दोन दिवस मी सांबाळतो. तुमी पोरांला घिऊन जावा."

माणूस चांगला आहे. पण माझ्याशिवाय आवाज फुटतो. शिवाय तो दोन म्हणाला, पाच नाही. नको म्हणून सांगितलं.

२६ मे

२८ ते १ ही पट्टी मोकळी होती. बरोबर पाच दिवस. स्नेहाने कॅलेंडरवर स्केचपेनने गोल करून ठेवले होते. आज ३० तारखेची एक ऑर्डर आली आणि १ तारखेच्या रविवारचीही. घेतल्या.

इथे कारण नोंदवून ठेवतो, नाहीतर लोक नावं ठेवतील. ३० च्या लग्नाला नवनाथला आमंत्रण आहे. मी नवा कॉर्डलेस माईक आणलाय. तो त्याने पाहणं गरजेचं आहे. आणि १ तारखेचं लग्न ओतूरला, हायवेलाच आहे, आल्यागेल्याला बोर्ड दिसतो. पार्क कुठे पळून जातोय?

स्नेहाने कॅलेंडर खिळ्यावरून काढून उलटं टांगलं. वाऱ्याने झालं असेल म्हणून मी सरळ केलं. पुन्हा उलटं झालं.

३० मे

नवनाथ लग्नाला आला नाही. बायकोला पाठवलं. कॉर्डलेस छान चालला.

३० मे, संध्याकाळी

तो घरी आला. मोटारसायकलवरून, पोरांना आंबे घेऊन. जय भीम झाला, चहा झाला. मग म्हणाला, परवा रविवारी जीप ठरवलीय, पहाटे निघू, माळशेज उतरून पार्क, त्याच दिवशी परत. तुमी चौघं बी चला. शाळा उघडल्यावर काय जमणार नाय.

मी ओळखलं. हा सापळा आहे. त्याच्या जीपमध्ये, त्याच्या खर्चाने, एक दिवस. मग ८ तारखेला मी कुठल्या तोंडाने बोलू? शांतपणे सांगितलं, आमचा पाच दिवसांचा बेत आहे, एका दिवसासाठी आम्ही जात नसतो. तो हसला नाही. म्हणाला, बरं, पोरांना तरी लावून द्या.

रुपेश दारामागून ऐकत होता. स्नेहा समोरच उभी होती.

विचार केला. मोठ्या मोहिमेआधी पाहणी करावी लागते. यशोधरा, स्नेहा आणि रुपेश यांना पाहणी पथक म्हणून पाठवायचं. कुठला पाळणा किती उंच, खाणं कुठे, सावली कुठे, सगळी माहिती काढून आणतील. शत्रूच्याच गाडीतून. हा दिवस मोजायचा नाही.

१ जून, रविवार

पथक पहाटे रवाना झालं असणार. मी अंधारातच मांडवात आलो होतो. जीप हायवेला मांडवासमोर थांबली, हॉर्न वाजला. स्नेहा बाहेर डोकं काढून काहीतरी ओरडत होती. माझं टेस्टिंग चालू होतं, काही ऐकू आलं नाही. हात केला. जीप बराच वेळ थांबली होती. का, कळलं नाही. मग गेली.

लग्न बरं झालं. चिमाजी दिवसभर माझ्याशी बोलला नाही. ऊन लागलं असेल.

२ जून

पथकाकडून अहवाल मागवला. रुपेशचा अहवाल: पाण्यात ढकलतात, मग परत ढकलतात. यशोधराचा अहवाल: खूप हसले, पाय दुखतात. सावली, खाणं, उंची, काहीही लिहून आणलेलं नाही. स्नेहाला विचारलं तर म्हणाली, तुम्ही आला असता तर कळलं असतं.

असं पथक मी यापुढे पाठवणार नाही.

पाच दिवस आता दिवाळीत. ८ तारखेला "जाऊन आलो" ऐवजी "जाणार आहोत" म्हणायचं. जाहीर केलं की झाल्यासारखंच असतं.

७ जून

येडगाव. उद्यासाठी मांडव घालतोय. सासूबाई, म्हणजे फुलाबाई, नव्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. विचारलं, पोरांसंगं का नाय गेलात. मी म्हटलं, नवनाथराव चार दिवस जाऊन आलेत, आम्ही एक दिवस जाऊन कसं चालेल.

त्यांनी लसूण खाली ठेवला.

"नवनाथ कवा ऱ्हायला चार दिवस? सकाळी गेलं न् रातीला आलं. चार दिवस म्हंजी मोजून चार व्हय, जावई? मी न्हाई म्हनत, चार दिवस लेकीकडं जाऊन येते म्हनून? न् दुसऱ्या दिशी माघारी येते."

हे खरं आहे. त्या दर वेळी असंच म्हणतात. मीही म्हणतो.

म्हणजे सात आठवडे मी एका दिवसाला पाच दिवसांनी हरवत होतो.

पण खचायचं कारण नाही. उलट शत्रू आयता सापडला. चारशे माणसांसमोर, माझ्या माईकवर, धडधडीत खोटं. उद्या उघडं पाडतो. दोन कर्णे ठरले होते, ते सहा केले. एक धरणाकडे, एक एसटी स्टॉपकडे, बाकीचे गावात. कार्यक्रमात शेवटी आभार असतात आणि आभारानंतर कुणी बोलत नाही, हा रिवाज आहे. मी आभारानंतर बोलणार. शेवटचा शब्द माझा.

आभार मानायचं काम सासूबाईंनी स्नेहाला दिलंय. संध्याकाळी तिची तयारी करून घेतली. सांगितलं, ज्याने ज्याने काही केलंय त्या सगळ्यांचं नाव घे, कुणी राहता कामा नये. माईक तोंडाजवळ धर. घाई करू नकोस. माझी पोर म्हणून हुशार आहे.

८ जून, रविवार

वंदना झाली. भंतेजी आले होते, माझ्याकडे आणि कर्ण्यांकडे बघून मग बसले. नवनाथ पहिल्या रांगेत. माझं भाषण खिशात, घडी घातलेलं. ॲम्प्लिफायरशी मी स्वतः बसलो, चिमाजीलाही हात लावू दिला नाही.

स्नेहा उभी राहिली. माईक तोंडाजवळ धरला. घाई केली नाही. भंतेजी, आजी, मामा, गवंडी, स्वयंपाक करणाऱ्या बाया, सगळ्यांची नावं घेतली. मग म्हणाली,

"नवनाथ काकांचे आभार. त्यांनी आमाला पार्कला नेलं. लई मजा आली. काकांनी पुढची सीट पप्पांसाठी ठेवली व्हती. ओतूरला जीप थांबवली, मी पप्पांना हाका मारल्या, पण पप्पांच्या माईकमुळं ऐकू नाय गेलं. मग ती सीट माघारी येईपर्यंत मोकळीच ठेवली. कुनीच नाय बसलं."

बटण माझ्या बोटाखाली होतं. बंद केलं असतं तर लाइट गेली असं लोकांना वाटलं असतं. बोट हललं नाही.

"आनि पंचशील साउंडचे आभार. पप्पा, मला पाच दिवस नकोत. एक दिवस या."

कुणी हसलं नाही. त्या दिवशी हसले होते ते बरं होतं असं वाटलं. आवाज अगदी स्वच्छ होता. सहाही कर्ण्यांतून गेला. धरणाच्या पलीकडेही ऐकू गेलं असणार. सेटिंग मीच केली होती.

आभारानंतर मी उठलो. माईक घेतला. नवनाथ माझ्याकडे बघत होता, सासूबाई बघत होत्या. भाषणाचा कागद खिशातच राहिला. मी म्हटलं, मंडळी, जेवायला बसून घ्या.

पंगतीत नवनाथने माझ्या पानात जिलबी वाढली. म्हणाला, दिवाळीत जाऊ, पावणं, एकच दिवस. मी कॅलेंडर बघून सांगतो म्हणालो.

दिवाळीत लग्नं नसतात, हे त्यालाही माहीत आहे. स्नेहालाही.