तिसरी फोड

वटार,
१० नोव्हेंबर २०२५

चि. सिद्धेश,

तुला भरभरून आशीर्वाद, आणि आचोळ्याला तुझ्या आईबाबांना माझा नमस्कार सांग. इथे सगळे बरे आहेत. केळी छान धरलीत. माझ्या लेकाचा, व्हिक्टरचा, गुडघा दुखतो, पण तोंड व्यवस्थित चालतं. फ्लॉसीने, म्हणजे तुझ्या होणाऱ्या सासूने, जानेवारीतल्या लग्नासाठी साडीचे चार रंग ठरवले आणि चारही मोडले.

फोन का नाही केला, असं तुला वाटेल. आमच्या घरात फोन स्पीकरवर असतो आणि कान सगळ्यांचे असतात. मला अक्षर येत नाही, म्हणून शेजारच्या पॉलिन टीचरच्या ओट्यावर बसून सांगतेय. ती माझं बोलणं शाळेतल्या मराठीत घालते. मधेच थांबून चष्म्यावरून बघते. बघू दे.

आधी पाकिटांचं. तू दर शनिवारी वालीवहून कामावरून येताना माझ्यासाठी सोया-मटणाची दोन पाकिटं देऊन जातोस. फ्रीजमध्ये आता बर्फालाही जागा नाही. तुझं मन मोठं आहे बाबा. पण मला ते आवडत नाही. टीचर विचारते, असंच लिहू? लिही म्हटलं. आमच्या मसाल्यात रबरी चप्पल शिजवली तर तीसुद्धा याच्यापेक्षा मऊ होईल.

मग त्या दिवशी तुझ्या पुढ्यातलं उचलून का खाल्लं? तेच सांगायला बसलेय. आणि तेच सोडून केळी, गुडघा, साड्या, सगळं सांगून झालं.

सप्टेंबरातला तो रविवार आठव. माझी नात टिफनी तुला पहिल्यांदा जेवायला घेऊन आली. तू पाकीट पुढे केलंस आणि म्हणालास, "आजी, माझ्यापुरतं वेगळ्या भांड्यात करा, पण मसाला तुमचाच घाला." मी सगळ्यांदेखत म्हटलं, "मटण सोडलंस आणि त्याचा फोटो चाटतोस? आमच्याकडे याला ढोंग म्हणतात."

तू रागावला असतास तर बरं झालं असतं. तू हसलास. "आजी, मी सुरी सोडलीय. जीभ कुठे सोडलीय?"

सगळे हसले, आणि तुझ्या बाजूने हसले. त्या टेबलावर साठ वर्षं मीच जिंकत आलेय.

मी स्वयंपाकघरात गेले. तुझा वाडगा भरला. आणि आमच्या मटणाच्या पातेल्यातल्या बिनहाडाच्या तीन फोडी त्यात सोडल्या. तू बोटं चाटून खाशील, मग मी टिफनीला बाजूला घेऊन सांगेन, बघ, तुझ्या शाकाहाऱ्याला पत्तासुद्धा लागला नाही. एवढंच मनात होतं. एवढं पुष्कळ झालं.

मग आपण बसलो, आणि टिफनीच्या भावाने, लेस्लीने, तुला विचारलं, "जिजू, तुम्ही जन्मापासूनच खात नाही?" तू जेवता जेवता तुझ्या कोंबडीची गोष्ट सांगितलीस. शाळेच्या फाटकापर्यंत तुझ्या मागे यायची ती. नऊ वर्षांचा होतास. एका रविवारी पोटभर जेवलास आणि हात धुऊन तिला शोधायला निघालास. पुढे म्हणालास, "चांगली लागली होती आजी. तेच तर वाईट."

मी हात लांब केला. म्हटलं, "बघू रे, कसं लागतं तुझं ते," आणि तुझ्या वाडग्यातून एक फोड उचलली. मग दुसरी. व्हिक्टर ओरडला, "आई पटली सोयाला!" तू इतका खूश झालास की अख्खा वाडगाच माझ्याकडे सरकवलास. मी त्यात बोटं घालून शोधलं. लोकांना वाटलं, म्हातारी हावरी झाली.

सिद्धेश, मी तीन टाकल्या होत्या. मला दोनच सापडल्या.

टीचरने पेन खाली ठेवलंय. उचल म्हटलं.

चाळीस दिवसांच्या उपवासात मी दर शुक्रवारी कच्चा फणस मटणाच्या मसाल्यात करते. आमचे कॉन्रॅड, देव त्यांना शांती देवो, म्हणायचे, "मार्गारेट, फक्त हाडं कमी आहेत गं." फादरही जेवून गेलेत. मी फणसाला मटणाचा झगा घातला तर ती भक्ती, आणि तू सोयाला घातलास तर ढोंग? ज्याला चव ठाऊकच नाही त्याने सोडण्यात काय मोठं? तुला आवडतं, तरी सोडलंस. ढोंग म्हणशील तर दोन महिने ती चप्पल चावून "वा वा" म्हणणारीचं.

मी गप्प बसले असते. पण काल टिफनी सांगत होती, तू लग्नाच्या जेवणाला माझ्या शेजारी बसायचं ठरवलंयस. "घरात आजी एकटी माझ्या पक्षाची," असं म्हणालास म्हणे. ते काही मला गिळता येईना.

टिफनीला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला. तिला सांगायचं असेल तर मी सांगेन, तू तोंड उघडायचं नाहीस. तुम्हा दोघांत माझ्यापायी भांडण नको.

येत्या रविवारी ये. रागवायचं असेल तर समोर बसून रागव. मला कमी ऐकू येतं, तेव्हा जरा मोठ्याने. त्या दिवशी आमच्या चुलीवर मटण चढणार नाही, व्हिक्टर उपाशी राहिला तरी चालेल. तू स्वयंपाकघरात माझ्या डोक्यावर उभा राहून बघ, पातेल्यात काय काय जातं ते.

टीचर विचारते, खाली नाव काय घालू? मी म्हटलं, दोन्ही घाल, त्याला पटेल ते त्याने वाचावं.

तुझी आजी,
नाहीतर नुसती मार्गारेट