मामंजींचं शट अप

१४ जुलै १९५३, टेंभी नाका
मामंजींनी आज ‘शट अप’ शिकवलं. सुनेला मॅट्रिकला बसवायचंच असा त्यांचा हट्ट! घर बंद करून गावाला जायचं, तेही शट अप. दुकान कायमचं बंद केलं, तेही. आणि कुणाला गप्प करायचं, तेही – पण हे उद्धट. "पाहुण्यांसमोर तर कधीच म्हणू नये, सूनबाई." मी वाक्यं केली. सगळी बरोबर!

१९ जुलै
कल्याणचे लोक नीलावन्संना बघून गेले. स्थळ बिजवराचं. वय चाळिशीचं, पदरी दोन मुलं. वन्सं एकोणीस वर्षांच्या! पोह्यांच्या बश्या फिरत होत्या तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अहो, नीलाच्या मनात नाहीये हे—"
"शट अप!" मामंजी सगळ्यांदेखत ओरडले.
सासूबाईंना इंग्रजी येत नाही. पण हे कळायला मॅट्रिक लागत नाही. लाज मला वाटली.

२२ जुलै, आषाढी एकादशी
सासूबाईंनी चातुर्मासाचं मौन धरलं. दरवर्षी नुसतं जेवताना धरतात, यंदा दिवसभर. कार्तिकीनंतर देवळात घंटा दान द्यायची, मगच बोलायचं. मामंजी खूश – येईल त्याला सांगतात, "आमच्या घरातून केवढं मोठं व्रत धरलंय!" त्यांना वाटतं, राग गिळला. उपासाचे दाणे कुटतानाचा खलबत्त्याचा आवाज ऐकावा कुणीतरी.

९ ऑगस्ट
वन्सं विहिरीवर रडल्या. "आईसुद्धा गप्प झाली गं, वहिनी." मी तरी कुठे बोलतेय? मला तर कसलं व्रतही नाही!

३० सप्टेंबर
कल्याणहून निरोप – दसऱ्याला साखरपुडा. मामंजी म्हणाले, "चला, आता घरात कुणाची हरकत नाही." असा संताप आला! जिची हरकत होती तिचं तोंड व्रतानं बांधलेलं. सासूबाई तिथंच तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

२ ऑक्टोबर
अभ्यास नाही. मन लागत नाही.

दसरा
साखरेचा पुडा वन्संच्या हातात ठेवणार, एवढ्यात सासूबाई पुढे आल्या. आवाज घोगरा, ओळखू न येणारा. "हे लग्न होणार नाही."
भटजी कळवळले. "काकू, अहो, व्रत मोडलं!"
"मोडू दे. पाप मी फेडीन. पोर माझी आहे."