शेवटचा आटा

प्रिय दादा,

जय भीम.

आपल्यात पिंड नाही, कावळा नाही, श्राद्ध नाही. हे सगळं बाबांच्या पिढीनं विचार करून सोडलं आणि ते बरंच केलं. तू तर कोणी भुताचं नाव काढलं तरी हसायचास. म्हणायचास, "भूत-बित काही नसते. सिलिंडरात हवा राह्यली की मशीन झटके देते, अन् लोकं म्हणतात भूत." पण मग गेलेल्या माणसाला एखादी गोष्ट विचारायची झाली, तर विचारायची कशी? वहिनीकडं उत्तर नाही. रफिकभाईला सांगितलं तर तो उद्यापासून लोडरवर चढायचा नाही. म्हणून हे पत्र. लिहून झालं की दुकानातल्या बाकावरच्या वाइसखालच्या खणात ठेवीन, तुझ्या लवंगांच्या डबीशेजारी.

विचारायचं एवढंच आहे: सिलिंडरचा ग्लँड कोणी ढिला केला?

थांब, आधीपासून सांगते. मधूनच सुरू करायची माझी खोड तुला कधी आवडली नाही.

तू गेलास त्या दुपारी जिनिंगच्या आवारात रफिकभाईचा लोडर उभा होता. हंगामाच्या आधी त्याच्या बकेट उचलणाऱ्या दोन्ही सिलिंडरांना आपण नवीन सीलं घातली होती आणि तुझी ती नेहमीची परीक्षा चालली होती. बकेट वर उचलायची, इंजिन बंद करायचं, रॉडवर खडूची रेघ मारायची, आणि दुसऱ्या दिवशी रेघ जागेवर आहे का बघायचं. आत सील धरत नसेल तर तेल निसटतं आणि बकेट आपल्या वजनानं हळूहळू खाली बसते. तू रेघ मारलीस, मागच्या टायरला टेकून बसलास आणि पाणी मागितलंस. मी तांब्या घेऊन आले, तर तुझे डोळे उघडे होते, आणि तू नव्हतास. रेघेची वाट बघायची तरी सवड काढायचीस ना!

डॉक्टरनं हृदय म्हटलं. पण या वर्षांत आपल्या भागात धडधाकट माणूस गेला की लोक पहिल्यांदा घरातला फवारणीचा डबा शोधतात. तुझ्याही मातीला आलेल्या माणसांनी वहिनीला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "काही घेतलं होतं का?" ना तुझं शेत, ना तुझा कापूस, तरी तिला किती जणांना नाही म्हणावं लागलं. तेव्हापासून ती फारसं बोलत नाही. आपल्या वर्कशॉपच्या उंबऱ्यात तर इतके दिवस तिनं पाऊलच ठेवलं नव्हतं.

आणि बकेट वरच राहिली. रफिकभाईला खाली घ्यायची हिंमत होईना. "मिस्त्रीनं ठेवली, मी कसा उतरवू?" म्हणाला. जिनिंगही बंदच होती, भाव पडलेले, लोकांनी कापूस घरातच ठेवलेला. कोणाला घाई नव्हती. मी रोज जाऊन रेघ बघायचे. सकाळी रेघ बरोबर जागेवर असायची. भर दुपारी ती बोटभर वर गेलेली असायची. ऊन उतरलं की परत जागेवर. रोज.

मला कारण माहीत आहे, दादा. तेल तापलं की फुगतं, फुगलं की रॉडला वर ढकलतं. तूच शिकवलंस. पण आवार झाडायला येणाऱ्या बायका लोडरजवळून जाताना आवाज खाली करायच्या. "मिस्त्री श्वास घेऊन राह्यले," असं म्हणायच्या. मी त्यांना तेल फुगण्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तरीही पदर सावरून लांबूनच गेल्या. खरं सांगू का? मीही त्या लोडरला पाठ करून कधी निघाले नाही.

दिवाळीनंतर गाड्या यायला लागल्या, तेव्हा बकेट मीच उतरवली. लिव्हर ओढला आणि ती इतकी सावकाश आली की रफिकभाई पुटपुटत दोन पावलं मागं सरकला. खाली टेकताना हुस्स आवाज झाला. तू दिवसभराच्या कामानंतर खाटेवर बसताना करायचास, तसा.

एक गोष्ट तुला आवडणार नाही. वहिनी जिनिंगमध्ये लागली. लोडर कापूस उचलून मशीनकडे नेतो ना, त्यातून सांडलेला कापूस गोळा करायला ज्या बायका असतात, त्यांच्यात. किती ओरडलं तरी त्या बकेटखाली वाकतातच. वहिनीही वाकते. मी बोलले, तर म्हणाली, "तुया दादानं बसवलेली हाये न? मंग पडत नाही."

पण मागच्या आठवड्यात उजव्या सिलिंडरच्या रॉडवर रुईची गाठ घसरून आदळली. रॉडला खोल चरा पडला, त्या धारेनं आतलं सगळं कापलं आणि बकेट खाली बसायला लागली. म्हणजे तू बंद केलेलं सिलिंडर मला उघडायचं होतं.

दादा, ते उघडणं काही सोपं नव्हतं. ग्लँडचे आटे सुटेनात. सिलिंडरच्या तोंडाचं ते साधं आट्याचं झाकण, मी शंभरदा खोललेलं, पण ह्या वेळी चेन पान्ह्याला पाइप लावून लोंबकळले तेव्हा सुटलं. आणि सुटताक्षणी लवंगेचा वास आला. बंद करण्याआधी सिलिंडरच्या नळीत फुंकर मारायची सवय होती तुला, तोंडात कायम लवंग. वरच्या कोरड्या भागाला भोक असतं, तिथली हवा रोज बदलते, हे मला समजतं. तुझी फुंकर इतके दिवस आत राहूच शकत नाही. तरी मी हात पुसला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. कोळशाचे दोन-तीन ट्रक जाईपर्यंत आत आले नाही.

रॉड पोत्यात गुंडाळून एसटीनं लोहाऱ्याला नेला, क्रोम करून आणला. येताना शेजारच्या म्हातारीनं मांडीवरचं गाठोडं बघून विचारलं, "लेकरू हाय काय वं?" म्हटलं, "हो, आजारी होतं, बरं केलं." तू असतास तर पांढरकवड्यापर्यंत हसला असतास.

मग बसवायची वेळ आली. आणि इथं मी अडले.

आपल्या दुकानाची रीत तूच घातलीस. सील बसवणाऱ्यानं झाकण लावायचं नाही. तू बसवलं की मी बोट घालून चाचपायचं आणि शेवटचा आटा मी कसायचा. मी बसवलं तर तू. "ज्यानं बसवलं त्याले ते बराबरच दिसते," हे तुझं वाक्य. गिऱ्हाइकं हसायची, दोघं मिळून एक नट काय कसता म्हणून. पण आपलं एकही सिलिंडर परत आलं नाही.

आता दुसरा हात कुठून आणू? वहिनीला म्हटलं, एकदा फक्त बोट घालून बघ. ती भाकरी थापत होती. "मले नोको सांगू त्या दुकानातलं," म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

म्हणून मी एकटीनंच केलं. तुझ्या बाजूला, तुझ्या स्टुलावर बसले, कारण तू गेल्यानंतरचं हे पहिलंच सिलिंडर, आणि ती बाजू रिकामी होती. नवीन सील गरम तेलात मऊ केलं, रॉडच्या टोकाच्या पिस्टनवर चढवलं, बोटानं चाचपलं, रॉड नळीत सारला, ग्लँड कसला. झाकणावरून नळीवर खडूची एक सरळ रेघ ओढली, शटर लावलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि घरी आले.

सकाळी शटर उघडलं, तर रेघ तुटलेली. झाकणावरची अर्धी रेघ एकीकडे, नळीवरची अर्धी दुसरीकडे, मध्ये वीतभर अंतर. कोणीतरी ग्लँड उलटा फिरवला होता.

मी काय केलं असेल? स्वतःलाच शिव्या दिल्या. नीट कसलं नसेल म्हटलं. पुन्हा पान्हा लावला, जीव खाऊन कसला, पुन्हा रेघ ओढली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. वीतभरच. बाकी दुकान जसंच्या तसं. पान्हा खिळ्यावर, चिंधीची घडी मी ठेवली तशीच. फक्त तुझं स्टूल बाकापासून जरा मागं सरकलेलं, माणूस उठून गेल्यावर राहतं तसं. ते मीच सरकवलं असेन. उठताना माणूस स्टूल सरकवतोच ना?

ट्रकांनी जमीन हादरते, खरं आहे. पण हादऱ्यानं चेन पान्ह्यानं कसलेले आटे सुटतात का, दादा? तू कधी बघितलेस?

तेवढ्यात रफिकभाई आला. "रंजूबाई, आज नेतोच मी सिलिंडर. बाया बसून हायेत, गाड्या उभ्या हायेत." झालेला प्रकार त्याला सांगितला नाही. पान्हा हातात घेतला. एक झटका आणि काम संपणार होतं. मग रेघेकडे लक्ष गेलं आणि माझा हात काही केल्या पुढं जाईना. भीतीनं नाही. दोन दिवस कोणीतरी एकच गोष्ट सांगत होतं आणि मी ऐकून घेत नव्हते, असं वाटलं. तू जिवंत असतानाही मी तिसऱ्यांदा सांगितल्यावरच ऐकायचे.

"दम धरा," म्हटलं, आणि कसण्याऐवजी खोललं. रॉड बाहेर ओढला.

सील उलटं होतं.

त्याचं तोंड तेलाकडं हवं. तेल खालून येतं आणि बकेट वर ढकलतं, म्हणून तोंड खाली. मी वर केलं होतं. इतकी वर्षं करते मी हे काम, उलटं बसेलच कसं? मग स्टुलाकडे बघितलं आणि कळलं. मी कायम तुझ्या समोर बसून काम केलं. बाकाच्या पलीकडून. माझ्या हातांना सगळं समोरून पाठ होतं. तुझ्या जागी बसले आणि हातांनी जे ओळखीचं तेच केलं. त्या बाजूनं ते नेमकं उलटं झालं. आणि बोटानं चाचपलं तेव्हा मला ते बरोबरच लागलं. ज्यानं बसवलं त्याला बरोबरच दिसतं.

बकेट कापसानं भरून वर गेली असती आणि खाली वहिनी वाकलेली असती. 

तुझ्यावर रागही आला, सांगते. एकदा तरी तुझ्या बाजूला बसू द्यायचं होतंस. "तिकडंच बस, उजेड अडते," म्हणून कायम पलीकडं ढकललंस मला.

सील सुलट बसवलं आणि घरी गेले. वहिनी जिनिंगला निघायच्या तयारीत होती. मी लपवलं नाही. उलट्या सीलचं सांगितलं, रेघांचंही सांगितलं. सील ऐकताना ती उभी होती, रेघा ऐकताना खाली बसली. चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "पडनार त माह्याच डोक्यावर हाये न? चाल, पाह्यतो मी."

वहिनी दुकानात आली, दादा. चपला बाहेर काढून, विहारात शिरावं तशी. तिनं सीलच्या खाचेत बोट घातलं आणि डोळे मिटले. मी काही शिकवलं नव्हतं. विचारलं फक्त, "तोंड कुठं आहे?" ती म्हणाली, "खाली." मग आम्ही रॉड सारला, मी पान्हा तिच्या हाती दिला, आणि शेवटचा आटा तिनं कसला.

कसून झाल्यावर तिनं बोटाच्या पेरानं नळीवर दोनदा टकटक केलं.

तू करायचास तसंच. दोनदा, आणि मग हात पुसायचा. मी विचारलं, "वहिनी, हे कुठं पाहिलं?" ती म्हणाली, "काय?" म्हटलं, "हेच, टकटक." तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मलाच ताप आला आहे. "मी कुठं वाजवलं वं काही?" रफिकभाई दारात उभा होता. त्यानं ऐकलं होतं. सिलिंडर उचलताना त्यानं टोपी नीट केली.

घरी पिठाच्या डब्याचं झाकण लावून तू असाच वाजवायचास, तिथून आलं असेल. असेल.

काल परीक्षा घेतली. बकेट वर, इंजिन बंद, रॉडवर रेघ. आज सकाळी रेघ जागेवर होती. दुपारी बोटभर वर गेली, ऊन उतरल्यावर परत आली. वहिनी बकेटखाली वाकून कापूस गोळा करत होती. तिनं एकदा वर बघितलं आणि पुन्हा कामाला लागली.

तर दादा, ग्लँड कोणी ढिला केला, ते सांगू नकोस. विचारलं खरं, पण उत्तर आलं तर मला इथं बसता येणार नाही. त्यापेक्षा माझा शब्द घे. तुझ्या स्टुलावर मी बसणार नाही, माझ्या बाजूनंच काम करीन. दुसऱ्या हातानं चाचपल्याशिवाय या दुकानातून एकही सिलिंडर बाहेर जाणार नाही. वहिनी येते म्हणाली आहे. आणि ज्या दिवशी तिलाही जमणार नाही, त्या दिवशी मी शेवटचा आटा कसणार नाही. तसाच ठेवीन, रेघ ओढीन आणि शटर लावून घरी येईन.

सकाळी काय ते कळेलच.

तुझी, बाकाच्या पलीकडची,
रंजू