त्या दिवशी गूळ का दिलात?

बाई,

'प्रिय' लिहिलेलं नाही. तुम्हाला खोटं खपायचं नाही. निदान आमचं तरी.

चर्चचे पाळकसाहेब दोन दिवस मागे लागलेत. रविवारी तुमच्या स्मरणार्थ उपासना आहे, आणि तुमच्या मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेल्यांपैकी मीच तेवढी हाताशी, इथल्याच दवाखान्यात नर्स. "सिस्टर, चार शब्द लिहून आणा. बाईंनी त्या वाईट दिवसांत लेकरं कशी वाचवली, ते येऊ द्या." आणले असते हो! पण कागद पुढं घेतला की एकच प्रश्न येतो, आणि तो उपासनेत वाचता येत नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

तुम्ही मला वाचवलंत. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणायला नको.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि त्याच आठवड्यात लोहाऱ्यातलं आमचं घर संपलं. अब्बा पिंजारी होते, गावभरच्या गाद्यांचा कापूस पिंजायचे. त्यांनी ज्यांच्या गाद्या भरल्या, त्यांच्यातलेच काही कुऱ्हाडी घेऊन आले. अब्बा गेले, अम्मा गेली. शेजारच्या काकूंनी मला कडब्याच्या गाडीत दडवून तुमच्या दारात आणून सोडलं. मी सहा वर्षांची होते.

तुम्ही काय केलंत? वेणी कापलीत, अंगावरचे कपडे चुलीत घातलेत आणि एस्तेर असं नाव दिलंत. मी रडायला लागले, तर म्हणालात, "चांदबी मेली असं समज." सहा वर्षांच्या पोरीशी असं बोलतात का, बाई?

मग सुरू झाली तुमची तालीम. आम्ही पोरी भांडी घासत बसायचो आणि तुम्ही गुळाचा डबा घेऊन पाठीमागून फिरायचात. मध्येच कुणाचं तरी जुनं नाव घेऊन हाक मारायचात. जी वळून बघेल तिला गूळ नाही. पहिले चार दिवस मला मिळाला नाही. पाचव्या दिवशी सखूनं युक्ती सांगितली. ही माकणीची. तिचं घर निजामाच्या रझाकारांनी जाळलं होतं, म्हणून माझ्या आधीच येऊन लीदिया झालेली. ती म्हणाली, "मान धरायला जाऊ नकू. पायाचा आंगठा मातीत रोव. मंग मान आपुआप थांबती." तिच्यासाठी हीच तालीम आधी झालेली. बाहेरची माणसं तेवढी बदलली, गूळ तोच!

आणि मुसलमानांची लेकरं शोधत ती माणसं खरंच आली. त्यांच्यातला एक हुशार होता. तो आमच्या पाठीमागून चालत गेला आणि ओरडला, "आमिना! फातिमा! चांदबी!" एकही मान हलली नाही. तुम्ही त्या दिवशी सगळा डबा वाटून टाकलात. स्वतःला एक खडाही ठेवला नाहीत. हे मी कधीच नाकारणार नाही.

पण नंतर? देशात सगळं शांत झालं, कचेरीवरचा झेंडा बदलला. आम्हाला कुणी सांगितलं का, की पोरींनो, आता वळून बघितलं तरी चालेल? तालीम सुरू करायला तुम्ही होतात. बंद कुणी करायची होती?

पुढच्या चैत्रात मामू आला. अम्माचा सख्खा भाऊ, येरमाळ्याकडचा मनियार. येडाईच्या जत्रेत त्याचं बांगड्यांचं पाल लागायचं. वाचला होता तो, आणि भाचीला शोधत गावोगाव फिरत होता. त्यानं मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी चार वर्षांची आणि लांब वेणीची. समोर सगळ्या कापल्या केसांच्या पोरी. त्याला कसं ओळखू यावं?

"बहिणीची लेक हाय, बाई. चांदबी नाव हाय तिचं. लई ठिकाणी हुडकलं."

तुम्ही त्याला फाटकाजवळ उभं केलंत आणि म्हणालात, "हाक मारा. तुमची असेल तर ओ देईल."

बाई! हे तुम्ही बोललात? तुम्ही?

त्यानं तीनदा हाक मारली. मी तवा घासत होते, पाठ त्याच्याकडं. आवाज ओळखला मी. ऐकता ऐकताच माझा आंगठा मातीत गेला.

त्यानं खांद्यावरची बांगड्यांची पेटी उतरवली. मग खाली बसला आणि पेटी उघडली. "आनल्यात तर घालतो समद्या लेकरांस्नी." एकेक पोर पुढं जात होती. माझी पाळी आली. त्यानं माझा हात हातात घेतला, हाड दाबून माप बघितलं, हिरव्या बांगड्या चढवल्या. "नाव काय गं माय तुझं?"

"एस्तेर," मी म्हणाले.

तो गेला. संध्याकाळी तुम्ही मला एकटीला बोलावलंत आणि हातावर गुळाचा खडा ठेवलात. का? तो दिवस तालमीचा नव्हता. म्हणजे मी का वळले नाही, हे तुम्हाला माहीत होतं! मला राखायचं होतं ते कुणासाठी, येशूसाठी की स्वतःसाठी? आणि तो गूळ मी खाल्ला, बाई. गोड लागला. त्याचा राग तुमच्यावर काढू की माझ्यावर, हे मला आजवर कळलेलं नाही.

नर्स झाल्यावर येरमाळ्याला जाऊन आले. मामूचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. कुणी म्हणालं हैदराबादला गेला, कुणी म्हणालं वारला.

आणि तुमचा शेवटचा आठवडा. मी तुमच्याकडं पाठ करून फडकं पिळत होते. तुम्ही हाक मारलीत, "चांदबी." इतक्या वर्षांनी, स्पष्ट. मी वळले नाही. मग तुम्ही म्हणालात, "एस्तेर, पाणी दे." तेव्हा वळले. तुमचे डोळे भरले होते. काय हवं होतं, माफी? की मी अजून पक्की आहे का, ते बघत होतात? हातात गूळ तर नव्हता.

माफी मी आणलेली नाही. रविवारी पाळकसाहेबांना बरे चार शब्द देईन, ते खोटे नसतील.

पण एक वचन तुम्हाला देते. या चैत्रात येडाईच्या जत्रेत जाईन, मनियारांच्या पालांमधून हळूहळू चालेन. तिथं कुणी पाठीमागून 'चांदबी' म्हणून हाक मारली, ती दुसऱ्याच कुणाच्या लेकीला असली, तरी मी वळून बघेन.

चांदबी