गोमा तांडेलाचं माहेर

२१ जुलै १९८९

गोमा तांडेल दर वेळी होडी नवापूरलाच का नेतो?

खेळ मी रचला, नियम मी लिहिले, पटावरचा समुद्रसुद्धा मीच जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने रंगवला. तरी होडी माझं ऐकत नाही! मासळी खालच्या अंगाला, दक्षिणेला आहे, असं मी ओरडून सांगते. तांडेल म्हणतो, "असंल. आमी वर चाललू." आणि चालला वर!

तांडेल म्हणजे आमची मंजुळावहिनी.

२२ जुलै

काल रागात होते, म्हणून नीट लिहिलं नाही. खेळाचं नाव 'सोंगटी'. सोंगटी म्हणजे छोटंसं सोंग— हे मला एसटीत सुचलं आणि मी स्वतःवरच इतकी खूष झाले की उतरायचा थांबा मागे गेला.

कॉलेजच्या शिबिरात एका पाहुण्यांनी आम्हाला 'तू सरपंच, तू सावकार' असं करायला लावलं होतं. पडदा नाही, पाठांतर नाही. ज्याने त्याने आपल्या सोंगाचं बोलायचं. तेव्हापासून डोक्यात होतं की याचा घरी बसून खेळायचा खेळ करायचा. एक जण दर्या होतो— वारा, लाट, मासळी सगळं तो सांगतो. बाकीचे होडीवर. काय करणार ते त्यांनी बोलून सांगायचं, आणि साधलं की नाही ते कवड्या ठरवणार. सगळ्यांनी मिळून मासळी घेऊन आमच्या सातपाटीला परत यायचं. सहकार्य! पालघरच्या मंगलाताईंना शब्द देऊन बसले आहे— नारळी पौर्णिमेनंतर त्यांचं महिला शिबिर आहे, त्यात हा खेळ घ्यायचा.

सध्या दर्या मी. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, वहिनी. खलाशी आई आणि शेजारची जमनाकाकी. पावसाळ्यामुळे होड्या वर ओढलेल्या आहेत, जाळी दुरुस्त करता करता दुपारी पडवीत डाव मांडतो.

नियम पहिला, माझा सर्वांत लाडका: 'खेळाडूने स्वतःस पूर्णपणे विसरून सोंगाशी एकरूप व्हावे.' वाचून दाखवला तेव्हा जमनाकाकीने विचारलं, "मंग माजं गुडघं दुखाचं थांबंल का गो?"

२५ जुलै

"ए म्हाताऱ्या, निजलास का? जाळं वढ!"

असं वहिनी आज आईला म्हणाली. म्हणजे गोमा तांडेल मंगळ्या खलाशाला म्हणाला. एरवी वहिनी आईसमोर भांडंसुद्धा वाजू देत नाही. आईने वर बघितलं, डोळे बारीक केले— आणि मान खाली घालून हवेतलं जाळं ओढायला लागली! "वढतू, तांडेल, वढतू. वरडू नको."

एकरूप! मी धन्य झाले. माझा पहिला नियम खरा ठरला.

मग तांडेलाने होडी नवापूरला नेली.

२८ जुलै

नवापूर वहिनीचं माहेर आहे हे मला माहीत आहे. एवढी काही मी बावळट नाही. दोन वर्षांपूर्वी जाळी बांधायला रोवलेल्या खुंटांवरून भर समुद्रात बाबांचं आणि वहिनीच्या भावाचं, चंद्रभानचं, वाजलं. मारामारीच व्हायची राहिली. तेव्हापासून येणं-जाणं बंद. चंद्रभानच्या हाताला दोन वर्षं राखी नाही. एकनाथदादा बायकोचं दुःख जाणतो, पण बाबांपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटते. घरात त्या गावाचं नावसुद्धा निघत नाही. म्हणून तर मला धास्ती— खेळात निघतंय हे बाबांना कळलं तर माझा खेळच बंद!

पण खेळात वहिनी वहिनी नाहीच ना! ती गोमा तांडेल आहे. बाप्या माणूस. त्याला मिशा आहेत, मीच ठरवल्यात. गोमा तांडेलाला माहेर कुठून येणार? तेव्हा ते कारण असूच शकत नाही. दोष नियमांत आहे, किंवा पटात. मला वाटतं नवापूर मी फार देखणं काढलंय. माड जास्त झाले.

२९ जुलै

दोन माड खोडले.

१ ऑगस्ट

माड खोडून काही झालं नाही. म्हणून नवी दुरुस्ती: 'उत्तरेस जाताना वारा समोरून असेल.'

तांडेल म्हणाला, "शीड उतरवा. वल्ही घ्या." आई आणि जमनाकाकी मुकाट्याने वल्हवायला लागल्या. काकीने नेहमीप्रमाणे वाटेत जेवण मागितलं. (तिचा खलाशी प्रत्येक डावात जेवण मागतो. दर वेळी वेगळं. आज कोलंबीचं कालवण.) तांडेलाने दिलं. पोचले!

३ ऑगस्ट

दुरुस्तीवर दुरुस्ती: 'नवापूरास लागण्यासाठी सर्व कवड्या उताण्या पडणे आवश्यक.' हे मात्र कडक झालं.

कवड्या बाबांच्या आहेत. त्यांच्या आजोबांपासून आलेल्या, पिवळट, पाठी गुळगुळीत झालेल्या. नारळी पौर्णिमेला होडी लोटताना त्या बाबांच्या कमरेला असतात. त्याशिवाय ते होडीला हात लावत नाहीत. आणि कमरेला बांधण्याआधी त्या जिथे असतील तिथून त्यांनी स्वतःच उचलायच्या, कोणी आणून हातात द्यायच्या नाहीत, अशी घराण्याची रीत, साऱ्या किनाऱ्याला ठाऊक असलेली. बाकी वर्षभर पत्र्याच्या डब्यात. किती विनवण्या केल्या तेव्हा मिळाल्या! "बीए झालीस ती कवड्या खेळाला?" म्हणाले. पण दिल्या, आणि मग मच्छीमार सोसायटीच्या कट्ट्यावर सांगून आले म्हणे, पोर संशोधन करते.

आज वहिनी कवड्या टाकत राहिली. दोन उताण्या. तीन. परत दोन. ती फक्त परत टाकते. मासळी सोडून दिली, होडीवरचं पाणी संपलं, खलाशी कुरकुरले, तरी होडी नवापूरच्या तोंडाशी घिरट्या घालतेय. शेवटी चुलीची वेळ झाली म्हणून डाव उठला.

मी मनात म्हटलं— जमलं! नियम यशस्वी!

५ ऑगस्ट

काल पालघरला जाऊन मंगलाताईंना पट दाखवला. "छान आहे गं शकू, पण नको ती गावं काढून टाक. बायका गोंधळतील." मला तेवढंच निमित्त. आज रबर घेतला आणि नवापूर पुसून टाकलं.

वहिनीने पट बघितला. बोट किनाऱ्यावरून हळूहळू वर नेलं. पेन्सिल पुसली तरी कागदावर वळ राहतोच. "हितं लागतं हाताला," म्हणाली. "होडी हितं."

मला इतका संताप आला की मी तिला नियम पहिला पुन्हा वाचून दाखवला. अर्थासह. उदाहरणासह.

तिने सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली.

८ ऑगस्ट

घसा बसला. बोलता येत नाही. घरात सगळे खूष.

९ ऑगस्ट

मला आवाज नाही, मग दर्या कोण होणार? आई म्हणाली, "मी होते. तू ये खलाशांत."

सुरू करण्याआधी आईने डोक्यावर पदर घेतला आणि समुद्राच्या दिशेला हात जोडले. मी इतके दिवस चहाचे घोट घेत, पाय पसरून दर्या होत होते!

"बोल तांडेल, कुटं जावाचं?"

"नवापूर."

कवड्या पडल्या. एकच उताणी. मी पट बडवला, नियमाच्या कागदाकडे बोट केलं, घशातून बेडकासारखा आवाज काढला.

"तू खलाशी हाय ना?" आई म्हणाली. "मंग वल्हव."

वल्हवलं.

वहिनीने परत टाकल्या. परत. आई कवड्यांकडे बघतच नव्हती, वहिनीच्या हाताकडे बघत होती. मग तो हात तिने धरला. "ऱ्हाऊ दे. दर्यानं वाट दिली. जा तू."

होडी किनाऱ्याला लागली की दर्याने 'समोर कोण दिसतं?' असं विचारायचं, हा माझाच नियम. आईने विचारलं.

वहिनी म्हणाली, "माजा भाऊस उभा हाय." आणि मग, "हात मोकळा हाय त्याचा."

जमनाकाकीने आज जेवण मागितलं नाही.

१० ऑगस्ट

बी.ए.ला माझा दुसरा विषय मानसशास्त्र होता.

११ ऑगस्ट

वाटलं, डाव उठला तिथे संपलं. पण आज सकाळी आई बाबांच्या पुढ्यात जाऊन बसली. मी दाराआड. घसा नव्हता, कान होते.

"मंजुळाला राखीला म्हायेरी धाडाची."

"कोन बोललं?"

"दर्या."

बाबांनी विडी खाली ठेवली. आईने सगळं सांगितलं, तांडेल, वल्ही, वाट, काही ठेवलं नाही.

"आगं, पन खेळात ना ते!"

"खेळात का होयना. नाव त्याचं घेतलं मी. त्याच्या नावानं वाट दिली. आता पौर्णिमेला नारळ सोडताना काय सांगू त्याला— दिलेली वाट मागं घेतली? होडीत तुमी जानार. माजा एकनाथ जानार."

बाबा दाराकडे बघून म्हणाले, "तरी बोललू होतू, हिला डीएडला घाला."

आणि मग, "जाऊ दे तिला. ह्या टायमाला. पन मी त्या दारात पाय ठेवनार नाय, एकनाथ बी नाय. आनि तो हितं येवाचा नाय."

मी स्त्रीच्या माहेरच्या हक्कावर भाषण तयार ठेवलं होतं. कागदावर लिहून दाखवणार होते. कोणी विचारलंच नाही. सगळं काम आईने केलं, आणि माझ्या खेळाने— तोही मी नियम लिहून लिहून अडवत असताना!

१२ ऑगस्ट

वहिनी पिशवी भरत होती. दोनच लुगडी. मी म्हटलं (आवाज परतलाय, पण चिरका), "अगं, आणखी घे." ती म्हणाली, "येकदाच जावाचं, शकू. मंग परत बंदच ना?"

दर्याने वाट दिली ती फक्त जायची. येण्या-जाण्याची दुरुस्ती कशी लिहायची?

कवड्या परत डब्यात ठेवायला गेले. हातातच घेऊन बसले.

१४ ऑगस्ट

वहिनीला नवापूरला सोडून आले. पालघर, बोईसर, मग कारखान्यांमधून जाणारी नवापूरची एसटी. ती बोईसरपर्यंत बोलत होती, मग थांबा यायच्या आधीच उठून दाराशी उभी राहिली.

चंद्रभानने बहिणीकडे बघितलंच नाही, बघू शकला नाही. मला चहा दिला. मी बाबांच्या कवड्या काढून त्याच्या घरच्या देवापुढे ठेवल्या. तो पुढे झाला, वाकून बघितल्या. "आगं, ह्या रामाकाकाच्या! ह्या हितं ऱ्हायल्या तर त्याला सोता यावं लागंल."

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच."

"माज्या दारात?"

"पौर्णिमेच्या आधी."

तो बायकोला म्हणाला, माळ्यावरनं खाट काढ, काका आला तर बसंल कुटं?

शिबिरातला डाव चिंचोक्यांवर होईल. पटावर नवापूर शाईने परत काढलंय. सगळ्या माडांसह. बाबांना अजून सांगितलेलं नाही—

आत्ताच आत पत्र्याचा डबा उघडल्याचा आवाज आला.