ट्रेलरपर्यंतची वायर

सांडोर,
२४ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. हे पत्र लिहीन लिहीन म्हणत पाच दिवस ढकललं. फोनवर तुम्ही मधेच तोडता, म्हणून कागद. आईचा गुडघा कसा आहे? इथे मॅग्डलीन आंटीच्या वाडीत केळींना इतके घड लागलेत की टेकू द्यायला बांबू पुरेनात. दोन दिवस तेच करत होतो. असो.

तुम्हाला माहितीच आहे, आंटीने तळ्यासाठी जिताडा माशाची पिल्लं आणायचं काम मला दिलं. सहा नोकऱ्या सोडलेल्या माणसाच्या हातात जीप आणि ट्रेलर देणारी ती एकटीच. ट्रेलरवर टाकी, टाकीत हवा सोडायला पंप, पंपाला बॅटरी. जीप चालताना ती बॅटरी चार्ज होत राहायला हवी. जीपपासून तिथवर वायर मीच ओढली.

गुरुवारी पिल्लं घेऊन येताना कामणला ट्रकांच्या रांगेत अडकलो. इंजिन चालू, तरी पंपाचा आवाज बसत गेला. पिल्लं वर येऊन तोंडं उघडायला लागली. कसाबसा एका गोदामाच्या आवारात शिरलो. तिथला वॉचमन नथूमामा बादली घेऊन टाकीवर चढला. "पानी वरून ओतत ऱ्हायला पायजे, मी बघतो. तू बॅटरीचं बघ," म्हणाला. मी ट्रेलर सोडवला, जीप फिरवून तिचं तोंड ट्रेलरला लावलं, एका ट्रकवाल्याच्या जाड केबलने दोन्ही बॅटऱ्या थेट जोडल्या आणि तासभर इंजिन रेस केलं. पंप परत घुरघुरला तेव्हा खाली मातीतच बसलो. दोन हजारांतली अकरा गेली. बाकीची तळ्यात आहेत, खातायत.

आंटीला सांगितलं, दुकानात जाड वायर नव्हती. होती, बाबा. तुम्ही बजावलं होतं, एवढ्या लांब बारीक वायर नेलीस तर टोकाला काही पोचणार नाही. तुम्ही जन्मभर वायरमनची नोकरी केलेली. आणि तुम्ही सांगितलं म्हणूनच मी हट्टाने बारीक घेतली.

काल आंटीला खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चहा दिला. आज सकाळी जाड वायर टाकली. मीटर लावून बघितलं. पोचतंय.

थांबा, फाटकाशी रिक्षा आलीय, तुम्हीच उतरताय. आंटी आत्ता सांगतेय की काल तिने तुम्हाला फोन केला होता. चपला काढायच्या आधीच तुम्ही तिला विचारताय, "मासे जगले का?"

ते माझ्याच तोंडून ऐका. पत्र मागाहून हातात देतो.

तुमचं ऐकायला उशीर केलेला,
विघ्नेश